पावसाळ्याआधी विद्यापीठाच्या नेटवर्कची तयारी

विद्यापीठाच्या आवारातील नेटवर्क पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यायचे असेल, तर मेच्या दुसऱ्या आठवड्यापलीकडे काम ढकलू नये, कारण वळीव कोणाला विचारून येत नाही आणि उन्हाळी परीक्षाही त्याच सुमारास चालू असतात. धूळ काढणे, पंखे पाहणे, रॅकच्या (नेटवर्कची यंत्रे बसवलेल्या कपाटाच्या) खोलीतील एसीचे सर्व्हिसिंग उरकणे ही कामे सांगावी लागू नयेत.

सर्वांत आधी प्रत्येक स्विचचे (संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या यंत्राचे) आणि राउटरचे चालू कॉन्फिगरेशन, म्हणजे त्यात भरलेल्या सेटिंग्ज, सेव्ह करावे. गेल्या वर्षी माझ्याकडून नेमके हेच राहिले. बऱ्याच स्विचमध्ये केलेला बदल तत्क्षणी लागू होतो, पण तो केवळ रॅममध्ये असतो; वेगळी कमांड देऊन तो कायमच्या मेमरीत उतरवला नाही, तर वीज जाऊन आल्यावर यंत्र जुन्याच कॉन्फिगरेशनवर सुरू होते. आमचा कोअर स्विच, म्हणजे बाकीचे स्विच ज्याला जोडलेले असतात तो मुख्य स्विच, चारशेहून अधिक दिवस अखंड चालू होता आणि मला त्याचा अभिमानही होता. मेमधील एका संध्याकाळी वीज गेली, यूपीएसने अकरा मिनिटांत मान टाकली, आणि वीज परत आल्यावर सगळे दिवे हिरवे लागूनही परीक्षा विभागाचा एकही संगणक सर्व्हरपर्यंत पोहोचेना. मधल्या काळात त्या विभागासाठी वेगळे काढलेले बाराही पोर्ट (केबल जोडण्याच्या जागा) पुन्हा व्हीलॅन १ मध्ये, म्हणजे स्विचच्या मूळच्या सामायिक गटात, जाऊन बसले होते. सकाळच्या पेपरची प्रश्नपत्रिका केंद्रांना ऑनलाइन पाठवायची होती आणि मी रात्री दहा वाजता कन्सोल केबल (संगणक थेट स्विचला जोडून सेटिंग्ज बदलण्याची केबल) शोधत होतो. तेव्हा अपटाइमचा, म्हणजे अखंड चालू राहिल्याच्या काळाचा, आकडा मोठा दिसला, की कौतुक बाजूला ठेवून चालू आणि साठवलेल्या कॉन्फिगरेशनमधील फरक ओळ न् ओळ पाहावा. कॉन्फिगरेशनची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवावी, पण ते यंत्र त्याच स्विचमागे नसावे, नाहीतर प्रत असूनही हाती लागत नाही. आणि कन्सोल केबल रॅकच्या दारालाच बांधून ठेवावी.

यूपीएसच्या पडद्यावरील ‘१०० टक्के’वर विश्वास ठेवू नये. कॉन्फिगरेशन सेव्ह केले आहे ना, हे आधी पाहावे. मग विजेचा मेन स्विच बंद करून, घड्याळ लावून, खऱ्या लोडवर यूपीएस किती मिनिटे तग धरतो हे मोजावे. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून सांगितलेले असते आणि त्यापुढे दर १० अंशांना ते साधारण निम्मे होते, त्यामुळे जिन्याखालच्या कोंदट कपाटातील बॅटरीकडून कागदावरच्या आयुष्याची अपेक्षा धरू नये. एकाच संचातील एकच बॅटरी बदलण्याची काटकसरही करू नये, कारण जुन्या बॅटऱ्या नवीलाही लवकर निकामी करतात. कोअर स्विचला दोन पॉवर सप्लाय असतील, तर ते दोन वेगळ्या यूपीएसवर असावेत. एकाच स्पाइक बस्टरमध्ये खोचलेले दोन सप्लाय मी स्वतः पाहिले आहेत, तेही आमच्याच खोलीत.

इमारतींमधील जोडणी फायबरचीच हवी. तांब्याच्या केबलला १०० मीटरची मर्यादा आहेच, शिवाय आसपास वीज कोसळली, तर त्या केबलमधून आलेला झटका दोन्ही टोकांचे पोर्ट जाळू शकतो. सुट्या एसएफपी मॉड्यूलवर (फायबर जोडण्यासाठी स्विचमध्ये खोचायच्या छोट्या भागावर) एसएक्स की एलएक्स हे मोठ्या अक्षरांत लिहावे. पहिले ८५० नॅनोमीटरवर मल्टिमोड फायबरसाठी, तर दुसरे १३१० नॅनोमीटरवर प्रामुख्याने सिंगल मोडसाठी असते, आणि रात्रीच्या घाईत दोन्ही सारखीच दिसतात.

यानंतर एका रविवारी, परीक्षा नसताना, कोअर स्विच मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करावा. कॉन्फिगरेशन खरोखर सेव्ह झाले आहे याचा दुसरा भरवशाचा पुरावा मला माहीत नाही. ‘चालू आहे ते कशाला बंद करता?’ असे वरिष्ठ विचारतीलच. त्यांची परवानगी लेखी घ्यावी.

अर्थिंग मोजून घ्यावे. केबल डक्टची तोंडे उंदरांसाठी बुजवावीत. गच्चीवरील ॲक्सेस पॉइंटच्या (वाय-फाय देणाऱ्या यंत्रांच्या) पेट्यांचे रबर पाहावे. देखभाल कराराची मुदत, खोलीच्या किल्ल्या आणि फोन नंबर हे सगळे एका कागदावर लिहून दारामागे चिकटवावे. आणि रॅकला कुलूप लावण्यापूर्वी कॉन्फिगरेशन पुन्हा एकदा सेव्ह करावे, कारण ही तपासणी करता करता आपण दोन-तीन पोर्ट बदललेले असतातच.