‘गेशेफ्टलिश’ : प्रत्यय कधी लावायचा, कधी नाही

जर्मनमध्ये ‘गेशेफ्ट’ म्हणजे धंदा, व्यवहार, दुकानही. त्यावरून ‘गेशेफ्टलिश’ : धंद्याचं, कामकाजाचं. एखाद्याचा सूर कोरडा, औपचारिक झाला तरी हाच शब्द. पेशा विचारताना मात्र ‘बेरूफलिश’च हवं : ‘वास माखेन झी बेरूफलिश?’ (तुम्ही काय काम करता?) अर्थाचं एवढं पुरे.

खरी अडचण प्रत्ययांची. ‘इश बिन गेशेफ्टलिश इन बर्लिन’, म्हणजे मी कामानिमित्त बर्लिनमध्ये आहे. इथे प्रत्यय नाही. शब्द नामाच्या आधी आला की प्रत्यय हवाच. आपलं ‘व्यावसायिक’ कधीच बदलत नाही, म्हणून मराठी माणूस जर्मन विशेषणही तसंच मोकळं सोडतो. त्याऐवजी ‘चांगला, चांगली, चांगल्या’ डोक्यात ठेवा. फरक एवढाच : ‘पत्र चांगलं आहे’ अशा रचनेत मराठी विशेषण बदलतं, जर्मन बदलत नाही.

विशेषणाच्या प्रत्ययांचे तीन तक्ते, ४८ चौकटी पाठ करा, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. बोलताना तक्ता आठवेपर्यंत समोरचा पुढच्या मुद्द्यावर गेलेला असतो. एकच पाहा : लिंग आणि विभक्ती आर्टिकलने, म्हणजे नामाआधीच्या ‘डेर’, ‘आइन’सारख्या छोट्या शब्दाने, दाखवली आहे का?

दाखवली असेल (डेर, डेम, आइनेम) तर विशेषणाला ‘ए’ किंवा ‘एन’. ‘ए’च्या जागा पाचच, त्याही एकवचनात : नोमिनाटिवमध्ये (कर्त्याची विभक्ती) तिन्ही लिंगं, आकुझाटिवमध्ये (कर्माची विभक्ती) स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग. बाकी सगळीकडे ‘एन’. ‘डेर गेशेफ्टलिशे टेर्मिन’ (कामाची ठरलेली भेट), पण ‘मिट डेम गेशेफ्टलिशेन टेर्मिन’.

नुसत्या ‘आइन’वरून (एक) पुल्लिंग की नपुंसकलिंग ते कळत नाही. मग ‘डेर’चा ‘एर’ किंवा ‘डास’चा ‘एस’ विशेषणाने उचलायचा : ‘आइन गेशेफ्टलिशेर टेर्मिन’, ‘आइन गेशेफ्टलिशेस गेश्प्रेश’ (कामाचं बोलणं). ‘माइन’ (माझा), ‘काइन’ (एकही नाही) हेही तसेच. आर्टिकलच नसेल तर सगळा भार विशेषणावर : ‘गेशेफ्टलिशेर एरफोल्ग’ (धंद्यातलं यश). अपवाद गेनिटिवचा (‘चा-ची-चे’ची विभक्ती). पुल्लिंगी-नपुंसकलिंगी नामाला स्वतःचा ‘स’ लागलेला असतो, म्हणून तिथे ‘गेशेफ्टलिशेन एरफोल्ग्स’. ई-मेलमध्ये सतत लागणारं ‘आउस गेशेफ्टलिशेन ग्रुन्डेन’, म्हणजे व्यावसायिक कारणास्तव, सरळ पाठच करा.

प्रवास, पत्र, भागीदार यांच्यासाठी जोडशब्द वापरा : गेशेफ्ट्सराइझे, गेशेफ्ट्सब्रीफ, गेशेफ्ट्सपार्टनर. मधला ‘स’ विसरू नका. ‘गेशेफ्टलिशे राइझे’ व्याकरणात बसतं, पण कानाला खटकतं.

विशेषणाचं पहिलं अक्षर लहान लिपीत. ‘एटवास गेशेफ्टलिशेस’, म्हणजे कामाचं काहीतरी, यात ते नाम होतं, तिथे मोठं.