मिआटाचं गिअर ऑइल बदलायच्या आधी

फिल प्लग आधी. म्हणजे मिआटाच्या (माझदाची दोन सीटची, उघडणाऱ्या छताची गाडी) गिअरबॉक्समध्ये तेल भरायचा वरचा प्लग आधी सैल करायचा, आणि तो सुटला तरच तेल काढायच्या खालच्या ड्रेन प्लगला हात लावायचा. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

गेल्या ऑक्टोबरात मी उलटं केलं. खालचा प्लग उघडला, ट्रेमध्ये काळं तेल ओतलं गेलं, काम निम्मं झालं असं वाटलं. मग वरच्या प्लगला सॉकेट लावलं तर तो जागचा हलेना. जोर लावला आणि त्याचे कोपरे झिजून गोल झाले. रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी अकरा दिवस स्टँडवर बसली. साताऱ्याहून आलेल्या बाबांना छत उघडून पानगळ दाखवायची होती. ते परत गेले आणि तो रविवार राहून गेला, याची हळहळ अजून आहे. म्हणून ही यादी.

माझी गाडी 1992 ची, 1.6 लिटर इंजिनवाली. न्यू जर्सीत हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. तीस वर्षांत ते खालच्या प्रत्येक बोल्टच्या आट्यांत शिरतं. फिल प्लग अडकतो तो यामुळेच.

तेल विकत घेण्याआधी दुखणं तेलाचंच आहे ना ते बघा. सकाळी थंड असताना दुसरा गिअर खरखरतो आणि गाडी तापल्यावर नीट पडतो, तर या गाड्यांचा तो जुनाच स्वभाव आहे. नव्या तेलाने बराच फरक पडतो. पण उभ्या गाडीत पहिला किंवा रिव्हर्स पडतच नसेल तर क्लचकडे बघा. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडल दाबल्यावर फ्लुइडच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर) गळणं मिआटात नेहमीचं आहे. क्लचच्या टाकीतलं फ्लुइड उतरलंय का ते तपासा, स्लेव्हची रबरी टोपी उचलून आत ओल आहे का बघा. ओल असेल तर गिअर ऑइलवर पैसे घालवू नका. आणखी एक: गिअरच्या दांड्याखालच्या खोबणीत वेगळं थोडंसं तेल असतं. गिअरबॉक्स रिकामा केला तरी ते तिथेच राहतं. दांडा रखरखीत लागत असेल तर वरून कन्सोल काढून ते बदलावं लागतं, आणि तेव्हाच फाटलेलं रबरी बूटही बदलून टाका.

आता काय आणायचं. पाच गिअरच्या गिअरबॉक्सला 2 लिटर तेल, 75 डब्ल्यू-90 (हा दाटपणाचा आकडा). बाटलीवर जीएल-4 (तेलाचा प्रकार) लिहिलंय ना ते वाचून घ्या. जीएल-5 मधली गंधकयुक्त द्रव्यं सिंक्रोच्या, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या, पितळी रिंगांना खातात अशी भीती असते, ती जोखीम मी घेत नाही. डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा डबा) उलट, तिथे जीएल-5 च हवं. 1.6 ला 0.65 लिटर, 1.8 ला 1 लिटर. दोन बाटल्यांवर मार्करने मोठं लिहून ठेवा, गाडीखाली आडवं पडल्यावर गोंधळ होतो. दोन्हीकडच्या प्लगांचे नवे वॉशर. बाटलीला बसणारा हातपंप. सॉकेट सहा कोनीच, बारा कोनी घरात असेल तर शेजाऱ्याला देऊन टाका, माझ्या प्लगचे कोपरे त्यानेच खाल्ले. माझ्या गाडीला 24 मिलिमीटरचं लागलं, तुम्ही आधी लावून बघा. सॉकेटला लावायचा लांब दांडा. हातमोजे, चिंध्या वगैरे असतीलच.

आता आदली संध्याकाळ, आणि यादीतला सगळ्यात महत्त्वाचा तास हाच. इंजिन थंड असताना गाडी उचला. जॅक पुढच्या क्रॉसमेंबरखाली (इंजिनखालची आडवी तुळई) आणि मागे डिफरन्शियलखाली, मग चारही स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालू नका, एका मिनिटासाठीही नाही. फिल प्लगच्या कडा तारेच्या ब्रशने घासा, गंज सोडवणारं तेल फवारा, तासभर थांबा, मग सहा कोनी सॉकेट पूर्ण बसवून दांडा लावा. सुटला? परत बसवा, गाडी खाली घ्या, निवांत झोपा. नाही सुटला तरी तेल अजून आत आहे, गाडी चालते आहे, सकाळी ती चालवतच मेकॅनिककडे नेता येते. ड्रेन प्लग आधी उघडलात तर ती सोय गेली. डिफरन्शियललाही हेच, तिथलाही फिल प्लग आधी.

सकाळी पंधरा मिनिटं चालवून आणा, कोमट तेल पूर्ण निथळतं. पुन्हा चारही स्टँडवर घ्या आणि गाडी सपाट ठेवा. आमच्या गॅरेजची जमीन दाराकडे उतरती आहे, म्हणून मी पाणसळ लावून बघतो. तिरक्या गाडीत तेल कमी किंवा जास्त भरलं जातं. सायलेन्सरचा पाइप तापलेला असतो, हाताच्या मागच्या बाजूने मला तो एकदा लागला आहे.

फिल प्लग उघडा. हो, काल सैल केला असला तरी आधी तोच. मग ड्रेन. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी चिखल असेल तर हरकत नाही, तुकडे असतील तर थांबा आणि कोणाला तरी दाखवा. पुसा, नवा वॉशर, ड्रेन बंद. फिल प्लगच्या भोकातून पंपाने भरा, तिथूनच तेल बाहेर यायला लागलं की पुरे. फिल बंद. आवळताना मॅन्युअलमधला आकडा बघा, केसिंग ॲल्युमिनियमचं आहे.

डिफरन्शियल तसंच.

जुनं तेल बाटल्यांत भरून सुट्या भागांच्या दुकानात द्या, बरीच दुकानं घेतात. चक्कर मारा. रात्री खाली पुठ्ठा ठेवा, सकाळी डाग बघा.