रस्ता आधी की व्यापार आधी? वाहतूक-अर्थशास्त्रात नव्यानं येणाऱ्यांसाठी

एम.ए. झालेली किंवा सिव्हिलची पदवी घेतलेली पोरं अधूनमधून विचारायला येतात, ‘रस्ते-रेल्वेचा देशाच्या अर्थव्यवस्थेवर काय परिणाम होतो, याचं मॉडेल करायचंय, सुरुवात कुठल्या सॉफ्टवेअरनं करू?’ सॉफ्टवेअर नंतर बघू, असं मी सांगतो. आधी मला कोल्हापूरच्या रेल्वेचा हिशेब करून दाखवा.

मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली. १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि इथला गूळ लांबलांबच्या बाजारात जायला लागला. आधी रेल्वे, मग पेठ, मग भरभराट. वरवर पाहता उत्तर सरळ आहे. पण पेठ रेल्वेनं वसवली नाही, राज्यकर्त्यानं वसवली. पुढं राधानगरी धरणानं पाणी दिलं, ऊस वाढला. आणि मुळात इथं माल निघेल असा भरवसा नसता, तर रूळ इथवर आणायचा खर्च कुणी केला असता का? आता सांगा, गुळाच्या व्यापारातला किती वाटा रेल्वेच्या नावावर टाकायचा? आमच्या सगळ्या विषयाचं दुखणं हेच आहे. रस्ता व्यापार वाढवतो आणि व्यापार रस्ता मागतो. दोन्ही आकडे हातात हात घालून चढतात आणि नवशिका त्यातून हवा तो निष्कर्ष काढतो.

नवशिकेच कशाला, मोठी माणसंही यात सापडली. १९८९ साली डेव्हिड अ‍ॅशावर या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं दाखवलं की रस्ते, पाणीपुरवठा वगैरे सार्वजनिक भांडवल एक टक्क्यानं वाढलं की उत्पादन सुमारे ०.३९ टक्क्यानं वाढतं. आकडा इतका दणदणीत होता की सरकारी खर्चाच्या बाजूनं बोलणाऱ्यांना आयतं हत्यार मिळालं. मग टीका सुरू झाली: श्रीमंत राज्यंच जास्त रस्ते बांधतात, त्याचं काय? नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम बराच खाली आला. तो वाद मुळातून वाचाच. समीकरणं साधी आहेत, खरा कस विचारांचा लागतो.

यातून बाहेर पडायची मला सर्वांत आवडणारी वाट मिठातून जाते. डेव्ह डोनाल्डसन या अर्थतज्ज्ञांनी ब्रिटिशकालीन भारतातल्या रेल्वेवर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. मालवाहतुकीचा खरा खर्च जुन्या दप्तरांत धड सापडत नव्हता. पण मीठ ठरावीक ठिकाणीच पिकायचं आणि कुठलं मीठ कुठल्या जिल्ह्यात काय भावानं विकलं गेलं, याच्या नोंदी होत्या. उगमापाशीचा भाव आणि बाजारातला भाव यांतली तफावत म्हणजे मधल्या वाटेचा खर्च. रूळ आले तशी ती तफावत कमी झाली. रेल्वे पोचलेल्या जिल्ह्याचं खरं शेती-उत्पन्न सुमारे १६ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांनी मांडलं. आणि खुबी अशी, की आखले पण बांधले गेले नाहीत असे मार्गही त्यांनी तपासले. न झालेल्या रेल्वेच्या गावांतही तेवढीच वाढ दिसली असती, तर श्रेय रेल्वेचं नव्हतं.

ही युक्ती कोल्हापूरकराला लगेच पटायला हवी, कारण कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्ग आपण वर्षानुवर्षं कागदावरच बघतोय! सुवर्ण चतुष्कोनाच्या (दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणाऱ्या महामार्गांच्या) अभ्यासातही हेच केलं गेलं: महामार्गाच्या दहा किलोमीटरच्या आतले जिल्हे आणि थोडे लांबचे जिल्हे यांतला फरक बघितला, मग तो उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम मार्गांशी ताडून पाहिला. ते मार्ग त्याच कार्यक्रमातले, पण मागं पडलेले. आपला पुणे-बेंगळुरू रस्ता चतुष्कोनाचाच भाग. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसी त्याला चिकटून आहेत, म्हणजे अभ्यासाचं साहित्य दाराशीच आहे.

ऑगस्ट २०१९चा महापूरही असाच धडा आहे. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक काही दिवस ठप्प झाली. ‘रस्ता बंद पडल्यानं झालेलं नुकसान’ मोजायला ही घटना घ्यावी, असं कुणालाही वाटेल. पण पुरानं रस्त्याबरोबर शेत, गोठा, यंत्रमाग सगळंच बुडवलं. मुंबईला दूध कमी गेलं ते रस्त्यामुळं की संकलनच थांबल्यामुळं? माझं मत असं, की इथल्या मालाकडं बघूच नका. बेंगळुरूहून पुण्याला निघालेला, ज्याच्या कारखान्यात थेंबभर पाणी शिरलं नव्हतं असा जो ट्रक अडकला, त्याचं नुकसान फक्त रस्त्याचं. तेवढं वेगळं काढता आलं तर प्रबंधाचं एक प्रकरण झालंच म्हणून समजा.

आता वर्गात शिकवतात त्याबद्दल थोडं. चार टप्प्यांचं प्रवास-मॉडेल (किती फेऱ्या, कुठून कुठं, कशानं, कोणत्या रस्त्यानं) सिव्हिलवाल्यांना येतंच. लिओंटिफचा आदान-प्रदान तक्ता (कुठल्या उद्योगाला दुसऱ्या कुठल्या उद्योगाचा माल किती प्रमाणात लागतो, ते मांडणारा) अर्थशास्त्रवाल्यांना येतो. दोघं एकमेकांचं वाचत नाहीत, ही खरी अडचण. तक्त्यात वाहतूक स्वस्त झाली तरी प्रमाणं बदलत नाहीत. फौंड्रीवाल्यानं भंगार लांबून आणायला सुरुवात केली, हे त्याला कळतच नाही. ते कळायला समतोलाची मोठी मॉडेलं लागतात, ज्यांत भाव, मजुरी, मागणी सगळं एकदम हलतं. ती शिका, पण पहिल्या वर्षी नको.

देशाच्या हिशेबात आणखी एक खाच आहे. भाड्याचा ट्रक ‘वाहतूक’ क्षेत्रात मोजला जातो, पण कारखान्याचा स्वतःचा ट्रक त्या कारखान्याच्या उद्योगातच जमा होतो. त्यामुळं वाहतुकीचा वाटा आहे त्यापेक्षा लहान दिसतो. लॉजिस्टिक्सचा (मालाची ने-आण, साठवण वगैरेचा) खर्च देशाच्या उत्पन्नाच्या १३-१४ टक्के असल्याचं वर्षानुवर्षं भाषणांत ऐकू यायचं. २०२३च्या अखेरीस एनसीएईआर या दिल्लीच्या आर्थिक संशोधन संस्थेनं पद्धतशीर अंदाज काढला, तो २०२१-२२साठी ७.८ ते ८.९ टक्के निघाला. एका वर्षात ट्रक काही निम्म्या खर्चात धावायला लागले नव्हते. मोजायची रीत बदलली. कुठलाही आकडा घेताना आधी रीत विचारा.

आणि दुहेरी मोजणी टाळा. बायपासमुळं वाचलेला वेळ फायद्यात धरला आणि बायपासलगतच्या जमिनीचा वाढलेला भावही धरला, तर एकच पैसा दोनदा मोजला. जमीन महागली ती वेळ वाचतो म्हणूनच. प्रकल्प-अहवालांत ही चूक अजून सर्रास दिसते.

डेटाचं म्हणाल तर ओपनस्ट्रीटमॅप (सगळ्यांना खुला नकाशा) आणि क्यूजीआयएस (नकाशांवर काम करायचं मोफत सॉफ्टवेअर) यांवर रस्त्यांचं जाळं फुकटात उभं राहतं. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडं जिल्हा उत्पन्नाचे आकडे असतात. मात्र एकदा तरी मार्केट यार्डात जाऊन गुळाचे रवे भरणाऱ्या गाडीचं भाडं विचारा. किलोमीटरला किती, असं विचारलंत तर ट्रान्सपोर्टवाला हसेल. ‘परतीचा माल हाय का बघा आधी,’ म्हणेल. अहमदाबादहून भरून येणार असेल तर जाताना कमी भाड्यातही चालतं, गगनबावड्यातून कोकणात उतरून रिकामं चढायचं असेल तर दोन्ही फेऱ्यांचे पैसे आधीच लावतो. अंतर कमी, भाडं जास्त. पाठ्यपुस्तकातलं गुरुत्व-मॉडेल (गावं जितकी मोठी आणि जवळ, तितकी त्यांच्यातली ये-जा जास्त, असं मानणारं) नेमकं इथं गडबडतं, कारण त्यात जाणं आणि येणं सारखंच धरलेलं असतं.

नोकरीचं थोडक्यात: सल्लागार कंपन्या, संशोधन संस्था, सरकारी नियोजन विभाग आणि अलीकडं लॉजिस्टिक्स कंपन्या. पहिल्या दोन-तीन वर्षांत वाहनं मोजायला आणि एक्सेल साफ करायला लावतात, त्याला नाक मुरडू नका. पायथन किंवा आर या प्रोग्रामिंग भाषांपैकी एक नीट येऊ द्या. पीएच.डी.कडं जायचं असेल तर अर्थमिती (आर्थिक आकड्यांतून कशामुळं काय झालं ते तपासायचं शास्त्र) पक्की हवी. पुण्याला किंवा मुंबईला एखादा उन्हाळा काढून ती शिकून घ्या. आणि विषय निवडताना मार्गदर्शकाला ‘देशभराचं मॉडेल करतो’ असं सांगू नका. एक घाट, एक माल आणि मागचे काही वर्षांचे भाव, एवढं सांगा. तो लगेच खुर्ची पुढं ओढून बसेल.