म्हाताऱ्या मांजरीचं पोट आणि प्रोबायोटिकची पुडी

आमची चिंगी 14 वर्षांची. गेल्या वैशाखात तिला जुलाब लागले आणि मी मायेनं दूध पाजत राहिले. चुकलंच माझं. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही.

आधी डॉक्टरांकडून रक्त आणि शी तपासून घ्या. या वयात थायरॉईड, किडनीच्या दुखण्यानंही पोट बिघडतं. तिथे नुसती प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जंतूंची, पुडी पुरत नाही.

पुडी मांजरांसाठीचीच घ्या. एन्टेरोकोकस फेशियम हा जंतू असलेली मिळते. मी पहिले 2-3 दिवस चिमूटभर दिली, मग डॉक्टरांनी सांगितलेलं पूर्ण माप. बिनमिठाच्या उकडलेल्या कोंबडीवर भुरभुरायची. कोंबडी कोमट हवी, गरम असली तर जिवंत जंतू मरतात. आपला काळ्या मसाल्याचा रस्सा एक थेंबही नको, कांदा-लसूण मांजरांना विषारी. अँटिबायोटिक चालू असेल तर मध्ये 2 तास जाऊ द्या. जळगावचा पारा 45 पर्यंत चढतो, म्हणून पुड्या ओट्यावर ठेवू नका, घरातल्या सगळ्यात गार कोरड्या जागी ठेवा.

आठवड्याभरात चिंगीची शी बांधून आली. पण मांजर दिवसभर जेवलं नाही किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.