चिन्ह उलटतं कधी, आणि का?

लिफ्टमध्ये शिरलात की आतली पाटी वाचा. कासारवडवलीला आमच्या इमारतीत लिहिलंय: ८ माणसं, ५४४ किलो. म्हणजे माणशी ६८ किलो धरलेत. माझ्या शिकवणीत असमानतेचा, म्हणजे ‘बरोबर’ऐवजी ≤ (लहान किंवा समान), ≥ (मोठं किंवा समान) अशी चिन्हं असलेल्या गणितांचा धडा या पाटीपासूनच सुरू होतो. वाण्याचा पोऱ्या ६४ किलोचा, तांदळाची गोणी ३० किलोची. एका खेपेत गोण्या किती? गोण्या क्ष धरा:

६४ + ३०क्ष ≤ ५४४

समीकरणासारखंच सोडवा. दोन्हीकडून ६४ वजा: ३०क्ष ≤ ४८०. ३० ने भागा: क्ष ≤ १६. संख्यारेषेवर १६ वर भरीव ठिपका आणि तिथून डावीकडे बाण. नुसतं < असतं तर ठिपका पोकळ. थॉमस हॅरियटच्या १६३१ च्या पुस्तकात < आणि > एवढीच होती, ≤ मधली खालची रेघ नंतर आली. वहीत ती खाऊ नका, ठिपका तिच्यावरच ठरतो. आणि हो, अर्धी गोणी कोणी चढवत नाही. ‘क्ष पूर्ण संख्या’ असं दिलं असेल तर बाण नको, ० ते १६ सुटे ठिपके द्या. हुशार मुलं हमखास इथेच गुण घालवतात.

आता खरी अडचण. उद्यापासून पाणी बंद. सोसायटीच्या टाकीत १०,००० लिटर, रोजचा खर्च १,५००, आणि आगीसाठी ४,००० राखायचेच. किती दिवस निभेल? दिवस क्ष:

१०,००० − १,५००क्ष ≥ ४,०००
−१,५००क्ष ≥ −६,०००

इथे −१,५०० ने भागताना चिन्ह फिरतं: क्ष ≤ ४. का? २ आणि ५ घ्या, ५ मोठा. दोघांना −१ ने गुणा. आता −२ मोठा, −५ लहान. शून्यापलीकडे क्रमच उलटा लागतो. पाठ करायचं नसेल तर ऋण संख्येने भागूच नका. −१,५००क्ष उजवीकडे न्या, −६,००० डावीकडे आणा: ६,००० ≥ १,५००क्ष, म्हणजे ४ ≥ क्ष. उत्तर तेच, चिन्हाला हातही लावला नाही. मला हीच रीत आवडते. मात्र ३क्ष ≥ −१२ मध्ये उणे दिसलं म्हणून चिन्ह फिरवू नका. भागतोय ३ ने, तो धनच आहे.

ताळा करा: क्ष = ५ टाकलं तर २,५०० उरतात, अट मोडते. क्ष = ४ ला बरोबर ४,०००.

दोन चलं आली की आलेख. तलावपाळीवर खिशात १०० रुपये, वडापाव २० चा, चहा १० चा. वडापाव क्ष, चहा य:

२०क्ष + १०य ≤ १००

आधी ‘बरोबर’ समजून रेषा काढा, (५, ०) आणि (०, १०) जोडून. ≤ आहे म्हणून अखंड. < असतं तर तुटक. कोणती बाजू? (०, ०) घालून पाहा: ० ≤ १००, खरं, म्हणजे शून्याकडची. रेषाच शून्यातून जात असेल तर तिच्यावर नसलेला कुठलाही बिंदू घ्या. वडापाव उणे नसतात, तेव्हा पहिल्या चरणातला त्रिकोण पुरे. तो पेन्सिलीने हलक्या तिरक्या रेघांनी भरा. पुढच्या उपप्रश्नात त्याच आलेखावर दुसरी रेषा काढायला सांगतात.