परभणीहून परदेशी पीएचडी: आधी गाइड बघा

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आमच्याकडं उठता-बसता म्हणतात. त्यामुळं मी जर्मनीत मातीवर पीएचडी करायलोय म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "कोणतं विद्यापीठ चांगलं?" विद्यापीठ राहू द्या, आधी गाइड बघा.

आपल्याकडं पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा द्यायची, मग कोणत्या सरांकडं जागा आहे ते हुडकत फिरायचं. युरोपात बऱ्याचदा उलटं असतं. प्राध्यापकाला प्रकल्पाचे पैसे मिळतात, तो जाहिरात काढतो आणि तुम्ही नोकरीसारखा अर्ज करता. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन इथं पीएचडीवाला बहुतेकदा पगारी कर्मचारीच असतो. अमेरिकेत मात्र अर्ज विभागाकडं जातो, बहुतेक मुदती डिसेंबरात संपतात आणि पाच-सहा वर्षं धरूनच चालायचं. पण तिथं बीएस्सी अ‍ॅग्रीची चार वर्षं झाली की एमएस्सी न करताही अर्ज करता येतो. ब्रिटनचं बघत असाल तर परदेशी विद्यार्थ्याची फी कोण भरणार, हे पहिल्याच मेलमध्ये विचारा.

जाहिराती युरॅक्सेस या युरोपच्या संशोधन-नोकऱ्यांच्या साइटवर आणि डाड या जर्मन शिष्यवृत्ती संस्थेच्या पीएचडी जर्मनी या साइटवर वर्षभर येत असतात. नेदरलँड्सच्या अ‍ॅकॅडेमिक ट्रान्सफरवर. जर्मन जाहिरातीत 'टीव्ही-एल ई 13, 65 टक्के' असं लिहिलेलं दिसेल. टीव्ही-एल ई 13 ही तिथली सरकारी पगारश्रेणी, म्हणजे त्या श्रेणीचा 65 टक्के पगार. काम तेवढंच असेल असं समजू नका, ते पूर्णच असतं. तरी पगारी करार शिष्यवृत्तीपेक्षा बरा, कारण आरोग्य विम्याचा आणि पेन्शनचा वाटा मालकही भरतो. शिष्यवृत्तीवर विमा सहसा आपला आपण काढायचा.

आता गाइड. गुगल स्कॉलरवर त्यांचे मागच्या पाच वर्षांतले पेपर काढा आणि लेखकांच्या यादीत पहिलं नाव कुणाचं आहे ते बघा. विद्यार्थ्यांची नावं पुढं असतील तर चांगली खूण. मग त्यांच्याकडून पीएचडी होऊन गेलेल्या एखाद्याला मेल टाका. आत असलेले मोकळं बोलत नाहीत, बाहेर पडलेले बोलतात. किती वर्षं लागली, सुट्टी मिळायची का, मधेच कुणी सोडून गेलं का, एवढंच विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गोलगोल आलं तर समजून घ्या.

गाइडला लिहिताना 'आदरणीय महोदय, मी लई मेहनती आहे' याचं इंग्रजी करून पन्नास जणांना पाठवू नका. ते मेल कुणी वाचत नाही. त्यापेक्षा असं काही लिहा: "आमच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचं पाणी त्यातून थेट खाली जातं. तुमच्या मॉडेलमध्ये हे कसं धरलंय? मी एमएस्सीत सोयाबीनच्या प्लॉटवर ओलावा मोजलाय." चार ओळी बास. मराठवाड्याची माती आणि पावसाची ओढ हे तिकडच्यांसाठी संशोधनाचे प्रश्न आहेत, त्याचा संकोच कशाला?

कागदपत्रांत सगळ्यात जास्त डोकं खातं ते नाव. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम. लग्न झालेल्या मुलींचं तर तिसरंच. नोटरीकडून प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. ट्रान्सस्क्रिप्टचा, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांच्या विद्यापीठाच्या उताऱ्याचा अर्ज दिवाळीच्या बराच आधी टाका, नाहीतर 'साहेब सुट्टीवर हायेत' ऐकावं लागेल. आपले गुण जर्मन ग्रेडमध्येही बदलून बघावे लागतात. जर्मनीत 1 म्हणजे सर्वांत चांगला ग्रेड आणि 4 म्हणजे जेमतेम पास. समजा 100 पैकी 40 ला पास आणि तुम्हाला 70 आहेत, तर 100 मधून 70 वजा, त्याला 60 नं भागा, 3 नं गुणा, 1 मिळवा: 2.5.

शिफारसपत्राचं म्हणाल तर सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." तसं करू नका. तुम्ही काय काम केलं त्याचे मुद्दे एका पानावर द्या आणि पत्र त्यांनीच लिहावं म्हणून मागं लागा. ते त्यांनीच अपलोड करायचं असतं आणि त्यासाठी जीमेलपेक्षा विद्यापीठाचा ईमेल बरा.

पैशासाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, सारथीची योजना, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती हेही बघा. अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचा. उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र मात्र आजच तयार ठेवा.

मुलाखत व्हिडिओवर होते. जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असते, हिवाळ्यात साडेचार. लाइटचा भरवसा नाही, तेव्हा लॅपटॉप चार्ज करून मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. शेवटी ते विचारतात, "तुम्हाला काही विचारायचंय?" नाही म्हणू नका. प्रकल्पाचा पैसा कोणत्या महिन्यात संपतो आणि काम लांबलं तर पुढचा पगार कुठून, हे विचारा.