कासव घरी येण्याआधी पाण्याची तयारी

पुण्यात दुकानात मिळतं ते बहुतेक रेड इअर्ड स्लायडर, लाल कानाचं कासव. आपल्याकडची देशी कासवं घरात ठेवायला वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, त्यामुळे तो विचारही नको. हे कासव पाण्यातच खातं, पाण्याशिवाय त्याला घास गिळता येत नाही, आणि घाणही त्याच पाण्यात करतं. म्हणून आधी पाणी तयार ठेवा, मगच कासव आणा.

टाकीपासून सुरुवात. प्लास्टिकचं ताडाचं झाड लावलेला छोटा डबा घेऊच नका. कवचाच्या दर इंचामागे साधारण ४० लिटर पाणी लागतं, म्हणजे चार इंचांच्या कासवाला १५० लिटरच्या आसपास. मादी तर दहा इंचांच्या पुढेही वाढते. पाण्याची खोली निदान कवचाच्या लांबीच्या दीडपट हवी, आणि पूर्ण कोरडं होऊन बसता येईल असा एक उंचवटाही. तळाशी बारीक खडी टाकू नका, कासव ती गिळतं.

मग नळाचं पाणी. खडकवासल्याचं पाणी शुद्ध करून घरी येतं तेव्हा त्यात क्लोरीन असतं. रुंद तोंडाच्या पिंपात दिवसभर उघडं ठेवलं की ते बरंचसं उडून जातं, घाईच्या वेळेसाठी मत्स्यालयाच्या दुकानातले क्लोरीन घालवणारे थेंब आणून ठेवा. पिंप मात्र हवंच. महापालिका दुरुस्तीसाठी बहुधा गुरुवारी पाणी बंद ठेवते, शुक्रवारी ते उशिरा आणि कमी दाबाने येतं, पावसाळ्यात तर गढूळही. म्हणून पाणी बदलायचा वार मंगळवार-बुधवार ठरवा. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर ते जड असू शकतं, कवचावर पांढरे डाग धरतात. आरओचं पाणी मात्र लागत नाही.

फिल्टरवर पैसे वाचवू नका. कासव माशापेक्षा कितीतरी जास्त घाण करतं, तेव्हा टाकीच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा घ्या आणि कासव यायच्या महिना-दीड महिना आधी चालू करा, रोज चिमूटभर खाद्य टाकत. विष्ठेतून आणि कुजलेल्या खाद्यातून विषारी अमोनिया होतो, तो पचवून त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढायला एवढा वेळ लागतो. पाणी तपासायचं किट आणा: अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४०) आत. नुसतं स्वच्छ दिसणारं पाणी चांगलं असेलच असं नाही. स्पंज नळाखाली कधीच धुवायचा नाही, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं, स्पंज त्यात दोन-तीनदा दाबायचा. तपकिरी गाळ सुटला की पुरे, पांढराशुभ्र करायच्या मागे लागू नका.

पाणी २४ ते २८ अंशांत हवं. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा जाळीदार आवरणाचा हीटर आणि थर्मामीटर लागतोच, हीटरची नुसती काच कासव धडक देऊन फोडतं. पाणी काढण्याआधी हीटर बंद करून निवू द्या, तापलेली काच उघडी पडली की तडकते.

रोज उरलेलं खाद्य काढायचं, आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं. खाऊ घालायला वेगळा टब ठेवला तर टाकी बरीच स्वच्छ राहते. डोळे सुजले, कवचाला वास आला किंवा कासव एका अंगावर कलून तरंगू लागलं तर पाणी तपासा आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. अशा कासवांवर उपचार करणारे डॉक्टर आत्ताच शोधून ठेवा.

बादली, नळी, पाण्याचा मग हे सगळं कासवाचं वेगळं असू द्या, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये काही धुवायचं नाही. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो, याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. घरात लहान मुलं असतील तर साबण टाकीजवळच ठेवा. काढलेलं जुनं पाणी फुलझाडांच्या कुंड्यांना घाला, ते झाडांना मानवतं. कोथिंबिरीला किंवा पालकाला मात्र नको.